लाकडालाही एकशे तीन ताप

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पडायचं नाव नव्हतं. वारा ठार पडलेला. हवेत इतका ओलावा, की औषधांच्या दुकानातला लाकडी खण फुगून जाम बसला होता. त्याच खणात मी होतो. दुकानदार काउंटरला पाय लावून खण ओढत होता आणि आतल्या बाटल्या, पट्ट्या, आम्ही सगळे गदागदा हलत होतो.

मी थर्मामीटर. आमच्यात दोन घराणी आहेत. एक भिंतीवर टांगलेलं असतं, ते हवा सांगतं. दुसरं माणसाच्या जिभेखाली जातं, ते ताप सांगतं. मी दुसऱ्या घराण्यातला. तेव्हा हवेबद्दल बोलणं हे काही माझं काम नव्हे. पण त्या दिवशी तो खण अडकला नसता तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं, म्हणून सांगितलं.

"ओढू नका, ओढू नका. सांधे निखळतील," काउंटरपलीकडून एक सावकाश आवाज आला. "मेणबत्ती आहे का?"

"मेणबत्ती कशाला? दिवे आहेत की."

"उजेडाला नव्हे हो. लाकडाला."

एक म्हातारा आत आला. त्याने खण आधी मागे ढकलला, डाव्या बाजूने किंचित उचलला, आणि तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. मग खाली बसून त्याने खणाच्या दोन्ही कडांना मेणबत्ती घासली. घाई कसलीच नाही. हे झाल्यावर हात पुसत म्हणाला, "आता मला ताप बघायची काच द्या. बायकोला ताप आहे."

दुकानदाराने मला काढून दिलं. म्हणाला, "जिभेखाली धरायचं, तोंड मिटून, तीन मिनिटं. पारा या लाल बाणाच्या वर गेला की ताप." त्याला अजून एक गोष्ट सांगायची होती. पण तोवर तो खण आत-बाहेर, आत-बाहेर करण्यात असा रमला होता, की ती राहूनच गेली.

तर माझ्या जन्माबद्दल थोडं सांगतो. माझा जन्म आगीतला. एका लांबट शेडमध्ये काच फुंकणारा एक जाडजूड कारागीर बसायचा. त्याने मऊ काच ओढून माझी नळी केली. आतलं भोक केसाएवढं. खालच्या टोकाला पाऱ्यासाठी इवलासा फुगा केला. मग फुगा आणि नळी जिथे जुळतात तिथे त्याने मला बारीक ज्योतीवर धरलं आणि माझी मान आवळून टाकली. मला वाटलं, गेलो, चूक झाली याच्या हातून. शेजाऱ्याकडे बघितलं तर त्याचीही मान आवळलेली. पलीकडच्याचीही. का, ते कुणी सांगेना. पुढे एका बाईने माझ्या पाठीवर रेघा आखल्या, आकडे काढले आणि एका ठिकाणी लाल बाण काढला. आकडे पाठीवर असल्यामुळे मला ते आजवर वाचता आलेले नाहीत. आपल्या पाठीवरचं कुणाला वाचता येतं?

आणि ज्यांच्या घरी गेलो त्यांनाही ते वाचता येत नव्हते.

गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचे. सुतारकाम. शाळेची पायरी चढले नाहीत, पण त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही. कुणाच्या घरी खिडकीचं माप घ्यायचं तर ते एक लांब पट्टी लावायचे, तिच्यावर पेन्सिलीने खूण करायचे आणि ती पट्टीच लाकडापाशी घेऊन यायचे. फूट-इंचाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. लहानपणी ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याने त्यांना एक धाक घातला होता. हातोडी आपटली तर आपटू दे, पण मापाच्या वस्तूला कधी झटका द्यायचा नाही. पाणसळीला, सपाटी बघायच्या त्या नळीला, एकदा झटका बसला की ती जन्मभर वाकडं ते सरळ म्हणून सांगते.

त्यामुळे माझी बडदास्त मोठी. भिंतीतल्या फळीवर पाणसळ, ओळंबा आणि गुण्या या मापाच्या हत्यारांशेजारी मऊ फडक्यात मला जागा मिळाली. मिस्त्री मला उचलायचे ते दोन बोटांनी, झोपलेल्या पाखरासारखं.

पहिल्या दिवशी मला काकूंच्या जिभेखाली ठेवलं तेव्हा काकू दोन पांघरुणांखाली कुडकुडत होत्या. त्यांचे दात माझ्यावर टकटक वाजत होते. तीन मिनिटांनी मिस्त्रींनी मला खिडकीशी नेलं आणि हाक मारली, "पोरी, जरा बघतेस का हे?"

खिडकीच्या पलीकडे शेजारीण होती. शिवणकाम करायची, म्हणून सगळे तिला शिवणवाली म्हणत. तिचं मशीन खिडकीला लागून होतं. त्यामुळे या घरातलं एकही वाक्य तिच्या कानावर पडल्यावाचून राहायचं नाही, आणि तिचं एकही वाक्य या घराला चुकायचं नाही.

"एकशे तीन!" ती म्हणाली. "काका, खूप आहे हो. पाणी पाजत राहा."

इथे माणसांबद्दल मला पडलेलं एक कोडं सांगतो. मी हजर असलो तरी प्रत्येक जण आधी कपाळाला हात लावून बघतोच. आणि हात तरी कसला? नुकतीच भांडी घासून आलेल्या गार हाताला सगळं जग तापलेलं लागतं. चुलीपुढून उठलेल्या हाताला तापलेलं माणूसही गार लागतं. तरी त्या हातावर सगळ्यांचा विश्वास. मला आधी याचा राग यायचा. आता येत नाही. हात ताप मोजायला जात नाही, तो विचारपूस करायला जातो, हे मला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना घाम फुटून गेलेला होता. त्या उठून बसल्या. "आज बरं वाटतंय मला," म्हणाल्या.

मिस्त्रींनी मला फडक्यातून काढलं, काकूंच्या तोंडात ठेवलं, बाहेर काढून बघितलं. पारा कालच्याच रेघेवर.

"कसलं बरं वाटतंय? काल होता तेवढाच आहे."

"अहो, माझं अंग मला कळत नाही का?"

"काच खोटं कशाला बोलेल? पड तू."

आणि त्यांनी काकूंच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायला सुरुवात केली. काकू म्हणाल्या, "गार वाजतंय हो मला!" मिस्त्री म्हणाले, "तेच तर. थंडी वाजते म्हणजे ताप आहेच."

मी काय सांगू? माझ्या मानेत पारा वर अडकून बसला होता. कालचाच होता तो. मला खाली उतरता येत नव्हतं आणि ओरडताही येत नव्हतं.

त्याच सकाळी ते काकूंना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. मीही खिशात होतो. बाईंचा दवाखाना फक्त सकाळी चालायचा. दुपारी त्या दुसऱ्या गावी जायच्या. त्यांनी स्वतःच्या थर्मामीटरने बघितलं आणि म्हणाल्या, "काका, यांना ताप नाहीये. अशक्तपणा आहे. पुन्हा ताप आला तर घेऊन या."

"पण आमच्या काचेत आहे."

"मग काच बदला तुमची."

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू पुन्हा कुडकुडल्या, तापल्या, अंधार पडायच्या आत घामाने भिजल्या. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा अंग गार. माझा पारा मात्र चारही दिवस त्याच रेघेवर. अंगात ताप असो नसो, मिस्त्रींच्या लेखी तो होताच. आणि डॉक्टरीणबाईंच्या लेखी नव्हताच. मधल्यामधे काकू खंगत चालल्या. पाण्याचा पेला त्यांना एका हाताने उचलवेना. आधी त्या भांडायच्या. चौथ्या दिवशी भांडल्याही नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या काचेलाच विचारा माझं कसं आहे ते."

हे मिस्त्रींना लागलं. ते मला हातात घेऊन अंथरुणाशी आले. त्यांनी काकूंच्या मानेला उलटा हात लावला. गार. माझ्याकडे बघितलं. एकशे तीनच्या रेघेवर. त्यांनी मला धुतलं आणि स्वतःच्या जिभेखाली धरलं. काढून बघितलं. तीच रेघ.

"पोरी, इकडे ये जरा. तोंड उघड."

"मला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

शिवणवालीच्या जिभेखालीही तीच रेघ. तिने वाचलं आणि कमरेवर हात ठेवले. "एकशे तीन. काका, तिघांनाही ताप आणि तिघेही शुद्धीवर!"

मिस्त्रींनी मला एका रंधलेल्या फळीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. शिवणवालीला एक बाही जोडायला लागतो तेवढा वेळ बसले असतील. मग म्हणाले, "आता वाच."

तिने वाकून बघितलं आणि तोंडात पदर कोंबला. "लाकडालाही एकशे तीन ताप! काका, फळीला पांघरूण घाला, नाहीतर गारठेल बिचारी!"

भिंतीकडे तोंड केलेल्या काकूंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

दुसरा कुणी असता तर त्याने मला त्याच क्षणी उकिरडा दाखवला असता. मिस्त्री म्हणाले, "माप खोटं नसतं. आपलं विचारायचं चुकतंय काहीतरी." करवतीचे दात बघायचं एक भिंग त्यांच्याकडे होतं. ते डोळ्याला लावून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कुणी आपल्याकडे इतकं निरखून बघावं, याची मला सवय नव्हती. माझ्या मानेपाशी येऊन भिंग थांबलं.

"इथे आवळलंय," ते हळूच म्हणाले. "मुद्दाम आवळलंय. कारागिराचा हात चुकलेला नाही हा."

मग त्यांचा विचार सुरू झाला, मोठ्यांदा. "ताप पाऱ्याला खालून ढकलतो. तो या फटीतून वर घुसतो. पण ताप गेल्यावर त्याला खाली ढकलणारं कोण आहे? कुणीच नाही. एकाच बाजूला उघडणारं दार आहे हे. आत जाताना ढकलून जायचं, बाहेर यायला कुणीतरी कडी काढायला हवी. बरोबर आहे. नाहीतर तोंडातून काढल्या काढल्या पारा उतरला असता, बघायचं कधी?"

माझी मान का आवळली, ते मला त्या दिवशी एका अडाणी सुताराने सांगितलं.

"अहो काका, मग झटका की त्याला!" शिवणवाली म्हणाली. "आमच्या माहेरी झटकायचे. माझ्या आता लक्षात आलं."

"झटकू? मापाला?" मिस्त्रींचा चेहरा पडला. "उस्ताद म्हणायचे..."

"तुमच्या उस्तादांना कधी ताप आला होता का?" काकू अंथरुणातून म्हणाल्या. "झटका!"

मिस्त्री खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, बाकापासून, भिंतीपासून लांब. फुगा खाली, दुसरं टोक चिमटीत घट्ट. पहिला झटका असा दिला, की माझ्यावरची धूळही उडाली नसती. दुसराही तसाच. मग त्यांनी डोळे मिटले आणि ब्रशमधलं पाणी काढताना देतात तसा मनगटातून जोरात झटका दिला. एक, दोन, तीन. चार दिवस मान ताठ करून उभं राहिलेल्याला कुणी "बस रे बाबा" म्हणावं, तसं झालं मला. पारा थेट खाली.

लगेच काकूंचा ताप बघितला. पारा लाल बाणाच्या किंचित खालीच थांबला. मिस्त्रींनी भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि अंथरुणाच्या कडेला टेकले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य याआधी कधी आलं असावं असं मला काकूंच्या चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही.

पण अंग गार निघालं म्हणून कोडं सुटलं नव्हतं. बायको दिवसेंदिवस का वाळतेय? मिस्त्रींनी एक फळी रंधून गुळगुळीत केली. तिच्यावर एक आडवी रेघ मारली. ही लाल बाणाची रेघ. मग दिवसातून चार वेळा, उठल्यावर, दुपारी, ऊन कलताना आणि दिवेलागणीला, माझं काम सुरू झालं. आधी झटकायचं, पारा खाली गेला का बघायचं. काकूंनी चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर अर्धा तास थांबायचं. जिभेखाली ठेवलं की पटाशी दगडावर दीडशे वेळा सावकाश घासायची, तेवढ्यात तीन मिनिटं होत. मग लाल बाणापासून पारा किती वर आहे ते कंपासच्या दोन टोकांत पकडायचं आणि फळीवर तेवढ्याच उंचीवर टिंब द्यायचं. आकडा एकही नाही.

जोडीला ते स्वतःचंही माप घ्यायचे. त्यात त्यांना एक गंमत सापडली. "पोरी, मला काही झालेलं नाही, तरी संध्याकाळचं माझं टिंब सकाळच्यापेक्षा जरा वर असतं बघ. रोज."

"म्हातारपणी गरम होताय," शिवणवाली म्हणाली.

पाचव्या दिवशी ऊन कलताना काकूंचं टिंब फळीच्या वरच्या कडेला जाऊन टेकलं. सहाव्या दिवशी सगळी टिंबं रेघेला धरून. सातव्या दिवशी पुन्हा कडेला. त्या दुपारी काकूंना नीट बोलताही येईना. मिस्त्री दवाखान्याकडे धावले, तर दाराला कुलूप. आठव्या दिवशी सकाळी बायको शांत झोपली होती. ते फळी मांडीवर घेऊन बसले. बोट एका टिंबावरून दुसऱ्यावर. मग उठून खिडकीशी गेले.

"पोरी, हा ताप एक दिवस कामाला येतो, एक दिवस सुट्टी घेतो. आणि आपण बाईंना दाखवलं ते सुट्टीच्या दिवशी, तेही सकाळी."

"मग?"

"उद्या कामावर आहे तो. दुपारी."

नवव्या दिवशी सकाळी ते काकूंना आणि फळीला घेऊन दवाखान्यात गेले. नंबर लागेपर्यंत दुपार होत आली. डॉक्टरीणबाई बॅग आवरत होत्या. त्यांनी काकूंचा ताप बघितला. नव्हता.

"काका, आत्ता तरी ताप नाही. मला निघायला हवं."

"बाई, थोडं थांबा. तो येणार आहे."

"कोण येणार आहे?"

"ताप."

बाई हसल्या. मिस्त्रींनी फळी टेबलावर ठेवली. "ही रेघ म्हणजे चांगलं अंग. हे एक टिंब उठल्यावरचं, हे दुपारचं, हे ऊन कलतानाचं..." बाई बघत गेल्या आणि त्यांचं हसू मावळत गेलं. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिता कुठे येतंय मला."

"हा तापाचा तक्ता आहे. इतका नीट मोठ्या दवाखान्यातही बघायला मिळत नाही." त्यांनी त्याच वेळी काकूंच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि तपासायला पाठवला. मग खुर्ची ओढून बसल्या. आम्ही सगळेच वाट बघत बसलो. त्याआधी कुणी तापाची अशी पाहुण्यासारखी वाट बघितलेली मी बघितली नव्हती.

तो आला. आधी काकूंची नखं निळसर झाली, मग हनुवटी थरथरायला लागली. मिस्त्रींनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन दाबून धरले. बाईंनी या वेळी स्वतःचं थर्मामीटर काढलं नाही. "तुमचंच द्या," म्हणाल्या. मी एकशे चारपर्यंत गेलो, बाईंनीच वाचलं. आयुष्यात मी एवढ्या वर पहिल्यांदाच गेलो आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

रक्ताचं उत्तर आलं, हिवताप. बाईंनी औषध सुरू केलं. जाताना म्हणाल्या, "चुकलं माझं. मी एकदाच बघितलं आणि ताप नाही म्हणाले. ताप हा काही रोग नव्हे काका, रोगाची वर्दी आहे. तो किती आहे, हे कळायला हवंच. पण कधी येतो, कधी जातो, त्यात जास्त कळतं."

तापाच्या पुढच्या कामाच्या दिवशी टिंब अर्ध्यावर थांबलं. त्याच्या पुढच्या वेळी रेघेवरच. तिथेच राहिलं.

या गोष्टीला आता महिना होत आला. माझ्या पाठीवरचे आकडे पुसट झालेत. दुकानांत नवी थर्मामीटरं आलीत म्हणे, ती टी टी करून बोलावतात आणि आकडा दाखवतात. चांगलं आहे. माझ्या पोटात पारा आहे आणि तो विषारी आहे. माझा भरवसा किती दिवसांचा? कधी हातून पडून फुटलो, तर मुलंबाळं बाजूला करा, खिडक्या उघडा. पाऱ्याला हात लावू नका आणि केरसुणीने तर मुळीच झाडू नका, तो अजून बारीक होऊन घरभर पसरतो. जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा आणि दवाखान्यात नेऊन द्या. आणि जोवर धड आहे तोवर एवढंच करा. आधी झटका, मग पुरता वेळ द्या, आणि एकदा बघून निकाल लावू नका.

हा ताप कधीकधी परत येतो, लक्ष ठेवा, असं बाईंनी सांगितलं होतं. ते मिस्त्रींनी फारच मनावर घेतलं. फळीच्या मागच्या बाजूलाही आता टिंबं भरत आलीत, सगळी एका ओळीत, मुंग्यांसारखी. आज सकाळचीच गोष्ट. काकू केस विंचरून दारात बसल्या होत्या, अंगावर उन्हाचा पट्टा. गालही जरा भरलेत आता. मिस्त्रींना बघून त्या काहीतरी बोलायला तोंड उघडतात न उघडतात तोच मिस्त्रींनी मला झटकून आत ठेवलं आणि पटाशी दगडावर घासायला बसले. काकूंनी हात हलवले, डोळे वटारले, भुवया उडवल्या. मिस्त्री मान खाली घालून मोजतायत, एकतीस, बत्तीस. तेव्हा खिडकीतलं मशीन थांबलं आणि शिवणवाली म्हणाली,

"अहो काका, काढा आता ती काच त्यांच्या तोंडातून. महिना झाला, काहीतरी सांगायचंय बिचारीला!"